निसर्गचित्रातले ऊन आणि आपली दुपार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

चित्रकलेच्या तासाला 'निसर्गचित्र काढा' असे सांगितले की महाराष्ट्रातील बहुतेक मुलांच्या कागदावर एकच देखावा उतरतो. दोन डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर कौलारू घर, घराजवळ नारळाचे झाड आणि आकाशात चार-पाच पक्षी. विदर्भातील मुलेही हेच चित्र काढतात. मीही काढत असे. आमच्या काटोल भागात संत्र्याच्या बागा आहेत, पऱ्हाटीची शेते आहेत, धुऱ्यावर बाभळी आणि पळस आहेत. पण कागदावर झाड यायचे ते नारळाचेच.

त्या चित्राकडे आज पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. चित्रात सूर्य असतो, पण ऊन कुठेच नसते. घराला सावली नसते. झाडाची उजवी आणि डावी बाजू सारखीच हिरवी असते. नदी निळीच असते, मग सूर्य उगवत असो की मावळत असो. निसर्गचित्रात सूर्य काढणे आणि उजेड काढणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या गोष्टीविषयी, म्हणजे चित्रातील नैसर्गिक प्रकाशाविषयी, मला जे समजले ते मांडण्याचा प्रयत्न आहे.

मी चित्रकलेचा विद्यार्थी नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षा दिल्या, एवढेच माझे शिक्षण. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील दुसऱ्यांच्या बागेत आणि शेतात मजुरीने जातात, आई कापूस वेचायला जाते. तेव्हा चित्रकलेवर लिहिण्याचा अधिकार मला कितपत, असे कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर लेखातच पुढे येईल.

उजेड ओळखावा कसा?

निसर्गातील उजेडाकडे चित्रकार साधारणपणे चार बाजूंनी पाहतो. पहिली गोष्ट दिशेची. अंबाझरी तलावाची पाळ पूर्वेला आहे आणि पाणी पश्चिमेला पसरले आहे. सकाळी पाळीवर उभे राहिले की सूर्य पाठीशी असतो. समोरची झाडे, काठ, सारे स्वच्छ दिसते, रंग ओळखू येतात, पण सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि देखावा थोडा सपाट होतो. सायंकाळी त्याच जागी उभे राहा. आता सूर्य समोर आहे. झाडांचे रंग नाहीसे होऊन त्यांच्या गडद आकृत्या तेवढ्या उरतात आणि पाणी चकाकते. जागा तीच, झाडे तीच, चित्र मात्र दुसरे. ऊन बाजूने येत असेल तेव्हा वस्तूची एक कड उजळते, दुसरी अंधारते आणि गोलाई दिसते. शिकणाऱ्याला बाजूचा उजेड घ्यायला सांगतात तो याचसाठी.

दुसरी गोष्ट उंचीची. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याच्या किरणांना हवेचा फार जाड थर ओलांडून यावे लागते. डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने हा थर तीसपटीहूनही अधिक भरतो. त्या प्रवासात निळा उजेड इकडेतिकडे विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा, नारिंगी, तांबडा तेवढा पोहोचतो. आकाश निळे का आणि संध्याकाळ तांबडी का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

तिसरी गोष्ट सावलीच्या रंगाची. सावली काळी असते असा आपला समज असतो. पण सावलीत अंधार नसतो. तेथे सूर्याचा उजेड पोहोचत नसला तरी आकाशाचा पोहोचतो. आकाश निळे असेल तर सावलीत निळसर छटा येते. हिवाळ्यात सकाळी चुना दिलेल्या भिंतीवर पडलेली झाडाची सावली नीट पाहावी, म्हणजे याची खात्री पटेल. जमिनीवरून आणि शेजारच्या भिंतीवरून उसळलेला उजेडही सावलीत शिरतो. म्हणून सावलीला नुसता काळा रंग फासला की चित्र मेल्यासारखे दिसते.

चौथी गोष्ट हवेची. दूरची टेकडी जवळच्या टेकडीपेक्षा फिकी आणि निळसर दिसते, कारण मधल्या हवेचा उजेड तिच्यावर पडद्यासारखा येतो. लिओनार्दो दा व्हिंचीने पंधराव्या-सोळाव्या शतकातच याविषयी लिहून ठेवले आहे. अंतर दाखवण्याचे चित्रकाराजवळचे हे मोठे साधन होय.

एवढे कळले तरी एक अडचण उरतेच. भर उन्हात जमिनीवर पडणारा उजेड लाखभर लक्स असतो. घरात, खिडकीपासून दूर, तो शंभराच्या घरात येतो. उलट पांढऱ्या कागदावरून आणि काळ्या रंगावरून डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडात फरक असतो तो वीस-तीस पटींचा. म्हणजे निसर्गाची शिडी हजार पायऱ्यांची आणि चित्रकाराची वीस पायऱ्यांची. उन्हाइतके उजळ कागदावर काहीच होऊ शकत नाही. म्हणून चित्रकार उजेडाची नक्कल करीत नाही. तो उजेड आणि सावली यांचे नाते मांडतो, आणि त्या नात्यावरून पाहणाऱ्याचे डोळे उन्हाची कल्पना करून घेतात.

पुस्तकातला उजेड कोठला?

आपल्याकडील जुन्या लघुचित्रांत झाडे, महाल, तळी सारे असते, पण जमिनीवर पडलेली सावली बहुधा नसते. त्या चित्रातला उजेड सगळीकडे सारखा असतो. उजेड कोठून येतो, कोणत्या वेळेचा आहे, हा प्रश्न घेऊन जलरंगातले निसर्गचित्र आपल्याकडे रुजले ते इंग्रजी अमदानीत, कला-शाळांमधून. मुंबईची जे. जे. कला-शाळा १८५७ साली सुरू झाली. तिच्यामागे इंग्लंडची मोठी परंपरा होती. कॉन्स्टेबल हा चित्रकार १८२१-२२ साली लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांची चित्रे काढत होता आणि त्यांच्या मागे तारीख, वेळ आणि वारा यांची नोंद करीत होता. पुढे फ्रान्समध्ये मोने याने गवताच्या त्याच गंज्या निरनिराळ्या वेळी रंगवल्या आणि १८९१ साली त्यांतील पंधरा चित्रे एकत्र मांडली. १८४१ मध्ये धातूच्या नळीतले रंग निघाल्यामुळे तैलरंग घेऊन उघड्यावर बसणे सोपे झाले होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हे शिक्षण आपल्या लोकांनी केवळ गिरवले असे नाही. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली कला-शाळा काढली. ते विद्यार्थ्यांना बाहेर उघड्यावर चित्रे काढायला नेत. ना. श्री. बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन हे त्याच शाळेतून पुढे आले. माळव्यातले ऊन, तिथले घाट आणि गल्ल्या त्या मुलांच्या चित्रांत उतरल्या.

पण शिकवणीतला एक नियम मात्र पक्का राहिला. निसर्गचित्राला सकाळी लवकर बसावे किंवा दुपार कलल्यावर बसावे. मधली वेळ टाळावी. नियमामागे कारण आहे. मधल्या वेळी सावल्या आखडतात, रंग फिके पडतात, वस्तूंची गोलाई जाते. तरीही हा नियम ज्या देशातून आला तेथील सूर्य कसा आहे हे पाहिले पाहिजे. लंडनचा सूर्य जूनमध्ये भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ६२ अंशांवर जात नाही तोच उतरू लागतो. डिसेंबरात तो १५ अंशांपर्यंतच चढतो. नागपूरला मे महिन्याच्या अखेरीस सकाळी दहा-सव्वादहालाच सूर्य ६२ अंशांवर येतो, आणि डिसेंबरात सकाळी आठलाच १५ अंश गाठतो. म्हणजे लंडनची उन्हाळ्यातली दुपार ही आपली सकाळची दहाची वेळ, आणि त्यांची हिवाळ्यातली दुपार म्हणजे आपला कोवळ्या उन्हाचा प्रहर. त्यांनी दुपार टाळली तरी त्यांचे फारसे जात नाही. आपण टाळली तर दिवसाचा मोठा भाग चित्राबाहेर राहतो.

नागपूरचे ऊन

नागपूर २१ अंश अक्षांशाच्या थोडे वर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा मे महिन्यात २६ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यात. मेमधल्या त्या दिवशी बाराच्या नंतर दहा-अकरा मिनिटांनी शून्य मैलाच्या खांबाची सावली लांब पडत नाही, बुडाशीच गोळा होते. घड्याळात बारा वाजून गेल्यावर आपली खरी दुपार होते, कारण भारताची प्रमाणवेळ आपल्या पूर्वेच्या रेखांशावर बेतलेली आहे.

सूर्य असा डोक्यावर आला म्हणजे उजेडाची सारी मांडणी बदलते. ऊन पडते ते छपरांवर आणि जमिनीवर. उभ्या भिंतींना ते फक्त चाटून जाते. म्हणून देखाव्यात सर्वांत उजळ दिसते ती जमीन, आणि भिंती उजळतात त्या जमिनीवरून उसळलेल्या उजेडाने, खालून वर. माणसाच्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर ऊन, डोळ्यांच्या खोबण्यांत अंधार. झाडाची सावली बाजूला न पडता झाडाखालीच गोल साठते. एप्रिल-मे महिन्यांत हवेत धूळ असते. धुळीचे कण मोठे असल्याने ते सर्वच रंगांचा उजेड विखुरतात. त्यामुळे आकाश निळे न राहता पांढुरके होते, आणि सावलीतला निळेपणाही जातो. तिच्यात मातीचा तपकिरी रंग चढतो. आमच्याकडची काळी कन्हार जमीनही या दिवसांत काळी दिसत नाही. सुकून, भेगाळून ती राखाडी होते. पारा ४५ अंशांवर गेला की जलरंगाचा हात कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक वाळलेले असते. ओल्या रंगात ओला रंग मिसळण्याची जी इंग्रजी रीत, ती इथल्या हवेत चालत नाही.

मृगाचा पाऊस पडला की तीच जमीन एका दिवसात काळीभोर होते आणि खाचांतल्या पाण्यात आकाश दिसू लागते. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालतो. धूळ धुऊन गेल्यामुळे दूरची झाडेसुद्धा जवळ आल्यासारखी वाटतात. पौषात सूर्य दुपारीही ४५ अंशांच्याच आसपास असतो, सावल्या दिवसभर लांब असतात, आणि कापूस वेचणाऱ्या बायांच्या पाठीवर एका बाजूने ऊन पडते. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसते. ऊन फुलांतून आरपार येते आणि फूल आतून पेटल्यासारखे दिसते. एकाच गावात वर्षभरात इतक्या जातींचा उजेड असतो.

शब्दांतला उजेड

हे सारे मी पुस्तकांतून वाचू लागलो तेव्हा मला एक नवल वाटले. यातील पुष्कळ गोष्टी आमच्या घरात आधीपासून बोलल्या जात होत्या. 'दिवस कासराभर वर आला' असे वडील म्हणतात. कासरा म्हणजे बैलाची दोरी. तिच्या लांबीने सूर्याची उंची मोजायची. 'सावली पायात आली, सोडा आता बैलं,' ही बाराची घंटा. आई अंगणातल्या उन्हाची रेघ कुठवर आली ते पाहून चूल पेटवते. तांबडे फुटणे, फटफटणे, कोवळे ऊन, टळटळीत ऊन, कवडसा, तिरीप, उन्हे कलणे, तिन्हीसांजा, दिवेलागण: यातील प्रत्येक शब्द उजेडाची एक जात सांगतो. कवडसा आणि तिरीप यांतला फरक चित्रकाराला रंगाने दाखवावा लागेल, आपली भाषा तो एका शब्दात दाखवते. 'तांबडे फुटणे' आणि 'फटफटणे' यांच्या मध्ये फार तर अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यातला बदल ज्यांनी टिपला त्यांचे डोळे कॉन्स्टेबलच्या डोळ्यांपेक्षा कमी होते असे मला वाटत नाही. त्यांनी कागदामागे तारीख लिहिली नाही, कारण लिहिता येत नव्हते.

माझ्यासारखी जी मुले पहिल्यांदाच कॉलेजात येतात त्यांच्या मनात एक धास्ती असते. ज्ञान म्हणून जे काही आहे ते इथे आहे, घरी ठेवून आलो ते अज्ञान, असे वाटू लागते. हळूहळू घरच्यांशी बोलायचे विषय संपतात. या विषयाने मला उलटी वाट दाखवली. हवेच्या थराचे गणित मी कॉलेजच्या ग्रंथालयात शिकलो, पण ते गणित ज्या उजेडाचे आहे तो मला घरच्यांनी दाखवला होता. चित्रावर लिहिण्याचा माझा अधिकार असलाच तर तो इथून येतो.

दुपार कोणाची?

आता पुन्हा त्या नियमाकडे येऊ. दुपार टाळावी हा नियम चित्रकाराच्या सोयीचा आहे. पण दुपारी शेतात कोण असते? उन्हाळ्यात पऱ्हाटी उपटणारे, वखर चालवणारे, संत्र्याच्या झाडांना पाणी देणारे, रस्त्यावर गिट्टी टाकणारे लोक असतात. निसर्गचित्रातून दुपार गेली की तिच्याबरोबर ही माणसेही जातात, आणि उरतो तो सकाळ-संध्याकाळचा सोनेरी देखावा, ज्यात गाव नेहमी सुखी दिसते. प्रकाशाची निवड ही नुसती कलेची बाब नसते. काय दिसावे आणि कोण दिसू नये, हेही तिने ठरते.

मग दुपार रंगवताच येत नाही काय? येते. फ्रेंच चित्रकार मिले याने १८६६ साली दुपारी गंजीच्या सावलीत झोपलेले शेतमजुरांचे जोडपे काढले होते. त्यावरून व्हॅन गॉगने १८८९-९० च्या हिवाळ्यात तैलचित्र केले. त्याच्यासमोर होती ती चित्राची काळी-पांढरी प्रत. रंग सगळे त्याचे स्वतःचे. बाहेर थंडी असताना त्याने भर उन्हाळ्यातली दुपार उभी केली ती उजेड-अंधाराच्या फरकाने नव्हे, तर पिवळ्या-नारिंगीशेजारी निळा ठेवून. ती दोघे मजुरीने थकून झोपली आहेत. जोडे आणि विळे बाजूला पडले आहेत. सावली आहे, पण ती काळी नाही. उन्हाने रंग फिके होतात हे खरे. म्हणून चित्रकाराने रंगांचे नाते वाढवून उन्हाची धग दाखवली.

हीच वाट दुसऱ्या टोकाला नेणारा एक चित्रकार आपल्या नागपूरचा विद्यार्थी होता, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. वडील जंगल खात्यात नोकरीला होते. १९३९ ते १९४३ या काळात रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि नंतर मुंबईला गेले. तेथे त्यांनी सुरुवातीला जलरंगात मुंबईचे रस्ते, पाऊस, गर्दी रंगवली. ही चित्रे पाहून काढलेल्या उजेडाची आहेत. १९५० साली ते पॅरिसला गेले. १९५६ मध्ये त्यांना तेथील समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पुढे त्यांच्या चित्रांतून घर, रस्ता, झाड हळूहळू नाहीसे झाले आणि लाल, पिवळा, काळा असे रंगच उरले. १९८३ सालचे 'सौराष्ट्र' हे त्यांचे मोठे चित्र पाहावे. त्यात सूर्य नाही, सावली नाही. ऊन मात्र आहे. लहानपणी जंगलातल्या रात्रीची भीती वाटे आणि दिवस उजाडला की धीर येई, असे रझा सांगत. साठ वर्षे फ्रान्समध्ये काढूनही मंडल्याचा तो काळोख आणि उजेड त्यांच्या रंगांतून गेला नाही. २०१६ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यालाच दफन करण्यात आले.

रझा यांच्याप्रमाणे सगळ्यांनी आकार सोडून द्यावेत असे मला म्हणायचे नाही. ते आपल्या आवाक्यातले नाही. पण शिकलेले नियम आणि लहानपणी पाहिलेला उजेड यांत तंटा झाला तर डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवावा, एवढे त्यांच्यापासून घेता येते. नियम टाकून द्यायचा नसतो. तो कोणत्या आकाशाखाली तयार झाला हे समजून घ्यायचे असते.

आपल्या महाविद्यालयातील जे मित्र-मैत्रिणी चित्रे काढतात त्यांना माझी एक विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात एखादे तरी चित्र दुपारचे काढावे. नारळाऐवजी बाभूळ किंवा कडुनिंब घ्यावा. जमीन भिंतीपेक्षा उजळ ठेवावी. सावली झाडाच्या बुडाशी गोल ठेवावी आणि तिच्यात काळा रंग घालू नये. त्या सावलीत बहुधा कोणीतरी भाकरी सोडून बसलेले असेल. त्याला किंवा तिला चित्रातून वगळू नये. आणि चित्र झाल्यावर ते आधी घरच्या माणसांना दाखवून विचारावे, यात किती वाजले आहेत? त्यांनी बरोबर वेळ सांगितली, तर चित्रातले ऊन खरे आहे असे समजायला हरकत नाही.